राजकीय सिद्धांत आणि मराठवाड्याचे प्रश्न : संशोधक-प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

राज्यशास्त्रात एम.ए. झालेला विद्यार्थी पीएच.डी.चा विषय दाखवायला येतो, तेव्हा त्याच्या हातातील कागदावर बहुधा एकाच साच्याचे शीर्षक असते : अमुक विचारवंताच्या न्यायविषयक विचारांच्या संदर्भात तमुक जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा अभ्यास. पहिल्या दोन प्रकरणांत विचारवंताचा परिचय, मधल्या दोन प्रकरणांत प्रश्नावलीचे तक्ते आणि शेवटी शिफारशी, अशी मांडणीही ठरलेली असते. त्या चारशे पानांत विचारवंताची आणि कामगाराची गाठ एकदाही पडत नाही. विचारवंताचे नाव बदलले तरी तक्ते तसेच राहतात आणि जिल्हा बदलला तरी पहिली दोन प्रकरणे तशीच राहतात.

हा लेख त्या साच्याबाहेर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सामाजिक न्यायाच्या एखाद्या चालू तंट्यात नेमका कोणता नैतिक आणि राजकीय प्रश्न अडकला आहे हे शोधणे, त्यासाठी उपलब्ध सिद्धांत तपासणे आणि तंटा सिद्धांतात बसत नसेल तर सिद्धांतच दुरुस्त करणे, या कामाला येथे उपयोजित राजकीय सिद्धांत म्हटले आहे. यातील शेवटचा भाग सोडून दिला की मागे केवळ सर्वेक्षण उरते.

प्रश्न शोधणे

सुरुवात विचारवंतापासून न करता तंट्यापासून करावी, आणि तंटा शक्यतो असा निवडावा की ज्यात दोन्ही बाजूंकडे बोलण्यासारखे काही आहे. एक बाजू उघड अन्यायाची आणि दुसरी उघड न्यायाची असेल, तर तेथे निषेधाला जागा आहे, परंतु सिद्धांताला फारसे काम नाही.

पैठणजवळच्या गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे पाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(क) मध्ये खोऱ्यातील टंचाईची झळ सर्व धरणांनी सारख्या प्रमाणात सोसावी, असे तत्त्व आहे. या पाणीवाटपावरील मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. पावसाळा संपताना जायकवाडीतील साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र त्यातून आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. मराठवाड्यातील विद्यार्थी येथे थांबतो आणि 'मराठवाड्यावरील अन्याय' असे शीर्षक लिहून मोकळा होतो. वास्तविक सिद्धांताचे काम येथून सुरू होते.

समता कोणात मोजली जात आहे? कायद्याच्या लेखी ती धरणांत मोजली जाते, माणसांत नव्हे. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ६५ टक्के साठा झाला म्हणजे पैठणच्या भूमिहीन शेतमजुराला काय मिळाले, या प्रश्नाला सूत्रात उत्तर नाही, कारण कालव्याचे पाणी जमिनीच्या मागे जाते आणि ज्याला जमीन नाही त्याला सिंचनाचे पाणीही नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणशी धरला, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला पाणी नाकारले. म्हणजे 'समान वाटप' या दोन शब्दांचे किमान दोन परस्परविरोधी अर्थ महाराष्ट्रातच प्रत्यक्षात आलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, पाणी मिळेल असे गृहीत धरून ज्या नाशिककर शेतकऱ्याने कर्ज काढून द्राक्षबाग लावली, त्याची ती अपेक्षा वैध होती काय, आणि असल्यास तिची भरपाई कोणी करावी, हा प्रश्नही खराच आहे. आपल्याकडच्या प्रबंधांत तो फारसा येत नाही, कारण लिहिणारा धरणाच्या खालच्या बाजूचा असतो.

एवढे झाले की संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. उदाहरणार्थ : नदीखोऱ्यातील वाटपात समतेचे एकक धरण, जमीन की व्यक्ती असावे आणि त्या निवडीचे समर्थन कोणत्या आधारावर करता येते? या वाक्यात विचारवंताचे नाव नाही, हे मुद्दाम पाहावे.

प्रश्न निवडताना आणखी एक कसोटी स्वतःला लावावी. तुमच्या प्रश्नाचे संभाव्य उत्तर तुमच्या जातीच्या, गावाच्या किंवा संघटनेच्या विरोधात जाऊ शकते काय? जाऊ शकत नसेल, तर प्रश्न पुन्हा लिहावा. आरक्षणाच्या वादात घराघरांत बाजू ठरलेल्या असताना ही कसोटी विशेष आवश्यक आहे. 'मागासलेपण' म्हणजे शेतीतील आर्थिक अरिष्ट, सामाजिक हीनत्व की सत्तेतील अपुरा वाटा, हा निखळ सैद्धांतिक प्रश्न आहे. परंतु तो बाजू आधी ठरवून सोडवता येत नाही.

वाचन

वाचन थोडे आणि सावकाश असावे. जॉन रॉल्स (१९७१) यांच्याकडून न्याय्य संस्थांची कल्पना कशी रचली जाते हे शिकावे. अमर्त्य सेन (२००९) यांच्याकडून आदर्श समाजाचे चित्र पूर्ण न करताही दोन परिस्थितींपैकी कमी अन्यायाची कोणती हे ठरवता येते, हा आक्षेप शिकावा. आयरिस मॅरियन यंग यांची दडपणुकीच्या पाच रूपांची मांडणी, नॅन्सी फ्रेझर यांचा पुनर्वितरण, मान्यता आणि प्रतिनिधित्व यांविषयीचा विचार आणि फिलिप पेटिट यांची 'वर्चस्वापासून मुक्ती म्हणजे स्वातंत्र्य' ही कल्पना, एवढ्यावर एम.ए.नंतरचे पहिले वर्ष सहज जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 'भारतीय संदर्भ' या नावाच्या प्रकरणात बसवण्याची चूक करू नये. श्रेणीबद्ध विषमता ही त्यांची कल्पना पाश्चात्य सिद्धांताची तळटीप नसून त्या सिद्धांताला पडलेला प्रश्न आहे. गायरान जमिनीच्या तंट्यात ती लगेच दिसते. अतिक्रमण नियमित करून मागणारे दलित भूमिहीन कुटुंब आणि त्याला विरोध करणारे, स्वतःही दोन एकरांवर जगणारे शेजारचे कुटुंब, यांच्यात केवळ 'वरचा' आणि 'खालचा' एवढाच भेद करून भागत नाही. प्रत्येक पायरीला खालची पायरी जपण्यात थोडा लाभ असतो, म्हणून सगळ्या पायऱ्या मिळून शिडीविरुद्ध उभ्या राहत नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात जातिनिर्मूलनावरील निबंध आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे १९४७ चे निवेदन दोन्ही आहे. ते मुळातून वाचावे, उताऱ्यांच्या संग्रहातून नव्हे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर मराठीत, जिल्ह्याच्या गावी राहून, धर्म, राज्यसंस्था आणि जात यांवर कठोर तर्काने लिहीत होते. त्यांची मते पटावीत असा आग्रह नाही. परंतु मराठीतून सिद्धांत होऊ शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांची चार-सहा व्याख्याने वाचावीत.

प्रत्येक ग्रंथासाठी एक पान लिहावे : लेखकाचा मुख्य दावा, तो कोणाविषयी बोलतो, काय गृहीत धरतो आणि तुमच्या तालुक्यातील कोणती गोष्ट त्याला अडचणीत आणते. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ग्रंथ वाचून झालेला नाही असे समजावे. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी हे पान मराठीतच लिहावे. सहा महिन्यांत स्वतःचा पारिभाषिक शब्दसंग्रह तयार होतो आणि धास्तीही ओसरते.

सिद्धांत आणि अनुभव यांची गाठ

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्या. हंगामापूर्वी मजूर पुरवणारा मुकादम जोडप्याला उचल देतो, ती तोडणीतून फेडायची असते आणि न फिटल्यास पुढच्या हंगामावर जाते. करार स्वेच्छेचा आहे, असे एक बाजू म्हणते. कायद्याने या युक्तिवादाला मर्यादा घातली आहे : १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे, आणि आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांविषयीच्या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक नाइलाजातून किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात केलेले काम हेही सक्तीचेच काम ठरवले.

आता पेटिट यांची कल्पना लावून पाहा. मालक प्रेमळ असला तरी त्याला मनमानी करण्याची सत्ता असेल तर नोकर स्वतंत्र नाही, असे ती सांगते. उचलीवर ती चपखल बसते, असे प्रथम वाटते. पण येथे मालक कोण? मुकादम स्वतः वाहतूक ठेकेदाराच्या किंवा कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो, बऱ्याचदा तो मजुरांच्याच गावचा किंवा भावकीतला असतो आणि दोन ठिकाणची उचल घेऊन एखादी जोडी पळाली तर तोच बुडतो. कारखाना म्हणतो, मजूर आमचा नाहीच. वर्चस्व तर उघड आहे, परंतु त्याचा धनी कोणत्याच एका ठिकाणी सापडत नाही.

दुसरी अडचण 'कोयता' या शब्दात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, उचल पुरुषाच्या हाती पडते आणि करारात संमती कोणाची घेतली हे विचारले जात नाही. संमतीचा सिद्धांत स्वतंत्र व्यक्ती गृहीत धरतो. येथील हिशेबाचे एककच व्यक्ती नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा चर्चा रुग्णालयांभोवती फिरली. पाळीतील खाडा हा एकट्या बाईचा नसून पूर्ण कोयत्याचा दंड ठरतो आणि म्हणून तिच्या शरीराचा निर्णय कोयत्याच्या हिशेबात जातो, हा मुद्दा सिद्धांताच्या भाषेत मांडण्याचे काम बरेचसे शिल्लक आहे.

प्रबंधाचे मध्यवर्ती प्रकरण असे घडते. सिद्धांत लावला, तो दोन ठिकाणी फाटला, फाटलेल्या जागी काय जोडावे लागेल हे तुम्ही सांगितले. वर्चस्व साखळीने कसे चालते याची तुमची मांडणी टिकली, तर ती वीटभट्टीला आणि सुरतेच्या यंत्रमागालाही लावून पाहता येईल.

कागद आणि गाव

सिद्धांताच्या अभ्यासकाने क्षेत्रकार्य टाळावे असा एक जुना समज आहे. तो सोयीचा असला तरी चुकीचा आहे. मात्र तुम्हाला तीनशे प्रश्नावल्यांची गरज नाही. वीस-पंचवीस दीर्घ मुलाखती, एका तंट्याची पूर्ण कागदपत्रे आणि चार-पाच ग्रामसभांची उपस्थिती पुरेशी असते.

गायरानाच्या अभ्यासासाठी सातबाऱ्यासोबत अतिक्रमणांची नोंद असलेला गाव नमुना १-ई पाहावा. तलाठी दाखवत नसेल तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते आणि अपिलात आणखी वेळ जातो, म्हणून अर्ज पहिल्या वर्षीच करावेत. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे निकाल संकेतस्थळावर मिळतात आणि त्यातील पक्षकारांचे युक्तिवाद हे सामान्य माणसाच्या न्यायकल्पनेचे उत्तम साधन आहे. प्रादेशिक विषमतेवर काम करणाऱ्याने १९५३ चा नागपूर करार, दांडेकर समिती आणि केळकर समिती यांचे दस्तऐवज एकत्र ठेवून 'अनुशेष' या शब्दाचा अर्थ कसा सरकत गेला हे पाहावे. १९४८ पूर्वीच्या जमिनीच्या नोंदींसाठी उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस लागतो. वडीलधाऱ्यांपैकी कोणाला उर्दू येत असेल तर त्यांच्याकडून आजच अक्षरओळख करून घ्यावी. ती पिढी झपाट्याने कमी होत आहे.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे आखावे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची गावे रिकामी होतात, तेथे म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले उरतात. जोडपी परततात ती मार्च-एप्रिलनंतर. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्वेक्षणाला निघालेला संशोधक कुलपे मोजून परत येतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केले होते.

मुलाखतीपूर्वी संमती घ्यावी, परंतु छापील फॉर्मवर अंगठा घेण्याची घाई करू नये. उचलीच्या कागदावर अंगठा दिलेल्या माणसाला तुमचा कागदही तसाच दिसतो. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करावी आणि नाव, गाव व मुकादम ओळखू येईल असा तपशील बदलावा. बाईच्या आरोग्याविषयी पहिल्या भेटीत विचारू नये, आणि पुरुष संशोधकाने एकट्याने तर मुळीच विचारू नये.

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती

हा भाग कोरडा आहे, पण त्यात चुकले तर वर्षे जातात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा पहिला पेपर १०० गुणांचा आणि विषयाचा दुसरा पेपर २०० गुणांचा असतो. एकूण वेळ तीन तास आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असल्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने संज्ञा तिन्ही भाषांत पाठ ठेवाव्यात. राज्यशास्त्राच्या दहा घटकांपैकी राजकीय सिद्धांत आणि विचार यांत तुमचा हात चालेलच. आंतरराष्ट्रीय संबंध आणि लोकप्रशासन यांकडे दुर्लक्ष केल्याने अनेक जण अडकतात. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिला वयाची अट नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचे असल्यास ७५ टक्के लागतात. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा असतो, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा असतो. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती या नियमांनी काढली. २०२४ पासून नेटचे गुण प्रवेशासाठीही धरले जातात; तेव्हा गुणांना ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि केवळ प्रवेशापुरते पात्र ठरलेल्यांचे गुण एक वर्षच चालतात.

नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आणि आदिवासींसाठी टीआरटीआय (आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था) या राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेअर ही प्रमाणपत्रे जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवावीत.

विद्यापीठ कोणते, यापेक्षा मार्गदर्शक कोण हे महत्त्वाचे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथे राज्यशास्त्रात संशोधन होते, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल तुळजापूरला आहे. मार्गदर्शकाचे अलीकडचे दोन लेख वाचावेत, त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटून मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो हे विचारावे, आणि मगच नाव भरावे. ज्यांना तुमच्या प्रश्नाचा राग येतो पण मसुदा बारकाईने वाचतात, ते मार्गदर्शक 'छान आहे, पुढे चला' म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरे.

साहित्यचौर्याच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत दुरुस्तीची संधी मिळते, ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. वर सांगितलेल्या साच्यातील पहिली दोन प्रकरणे बहुधा याच चाळणीत अडकतात.

प्रकाशन आणि नोकरी

लेखन दोन्ही भाषांत करावे. 'समाज प्रबोधन पत्रिका' किंवा 'परामर्श' यांसारख्या मराठी नियतकालिकांत लेख पाठवताना प्रश्न, युक्तिवाद आणि प्रतिवाद एवढेच ठेवावे. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नावाच्या पत्रिकांपासून दूर राहावे. त्यांची यादी मोठी असलेला बायोडेटा जाणकार निवड समितीत उलटा पडतो. तुमच्या निष्कर्षांचे चार पानी मराठी टिपण, जेथे काम केले त्या गावात नेऊन वाचावे. त्यावर येणारे आक्षेप कोणत्याही परीक्षकाच्या आक्षेपांपेक्षा नेमके असतात.

नोकरीविषयी गोड बोलणे बरे नव्हे. सहायक प्राध्यापकाला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते, वेतनश्रेणीची सुरुवात ५७,७०० रुपयांपासून होते. परंतु अनुदानित जागा थोड्या निघतात, त्या आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अडकतात आणि निघाल्या तरी कोठे काय मागितले जाते हे मराठवाड्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर जातात, जेथे सुट्टीचे पैसे नसतात आणि पुढच्या जूनची खात्रीही नसते. माझा सल्ला असा की तासिका तत्त्वावरील कामाला आधीच मुदत ठरवून घ्यावी, तीन वर्षे समजा, आणि त्या काळात राज्याबाहेरील विद्यापीठे, संशोधन संस्था, कामगार व जमीन हक्कांवर काम करणाऱ्या संघटनांतील संशोधनपदे, तसेच आयोगांची व समित्यांची कामे यांसाठी अर्ज चालू ठेवावेत. एकाच संस्थाचालकाच्या शब्दावर दहा वर्षे थांबलेले हुशार लोक मी पाहिले आहेत.

वर्गावर जाण्याची संधी मिळाली तर ती संशोधनाची जागा समजावी. तृतीय वर्षाला रॉल्स यांचा 'अज्ञानाचा पडदा' शिकवत होतो : स्वतःची जात, संपत्ती, लिंग काहीच ठाऊक नाही अशा अवस्थेत लोक समाजाचे नियम ठरवतात, असे समजावून सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पडद्यामागं गेल्यावर उचल फिटलेली असती का?" कर्ज विसरता येते, पण विसरल्याने ते फिटत नाही; मग मागील पिढीचे देणे अंगावर असलेल्या माणसांनी नव्याने ठरवलेले नियम न्याय्य कसे, असा तिचा आक्षेप होता. मी त्या दिवशी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले आणि ते अपुरे होते. आता प्रत्येक वर्षी त्या तासिकेची सुरुवात मी तिच्याच प्रश्नाने करतो आणि उत्तरे एका वहीत तारखेसह उतरवून ठेवतो. सध्या मी लिहीत असलेल्या शोधनिबंधाचा दुसरा भाग त्याच वहीतून निघाला आहे.